गणपतीपासून परीक्षेपर्यंत : मॉरिशसमधली मराठी मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

मॉरिशस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मधुचंद्राच्या जाहिराती येतात. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. आज मी तुम्हाला त्या किनाऱ्यापासून आत, बेटाच्या मधोमध असलेल्या पठारावर नेणार आहे. तिथे मोका आणि रेद्वी ही दोन जवळजवळची ठिकाणं. रेद्वीला मॉरिशस विद्यापीठ आहे, 1965 साली स्थापन झालेलं. मोक्याला महात्मा गांधी संस्था आहे, भारत आणि मॉरिशस या दोन सरकारांनी मिळून उभी केलेली. या संस्थेत विद्यापीठाच्या सहकार्याने मराठी घेऊन बी. ए. करता येतं. मी मूळची चिपळूणची, जन्मभर शिकवण्याचा व्यवसाय केला आणि काही काळ या मुलांच्या सहवासात राहिले. त्यांच्या वर्षातले सगळ्यात धावपळीचे तीन महिने कसे असतात, ते मला सांगायचं आहे.

तिथलं शैक्षणिक वर्ष ऑगस्टच्या अखेरीला, सप्टेंबरच्या सुरुवातीला चालू होतं. पहिल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. म्हणजे तास सुरू होतात न होतात तोच गणपती येतात, मग दिवाळी, मग 2 नोव्हेंबर, म्हणजे भारतातून करारावर आणलेले मजूर बेटावर उतरल्याचा दिवस, आणि लगेच परीक्षा. बेट दक्षिण गोलार्धातलं, त्यामुळे ऋतूही आपल्या उलटे. सप्टेंबरात मोक्याला थंडी असते. डोंगरावरून बारीक पाऊस येतो, वारा अंगाला झोंबतो, मुलं स्वेटर घालून वर्गात बसतात. आणि खाली ऊसतोडणी जोरात चालू असते. जूनपासून डिसेंबरपर्यंत रस्त्यांवर उसाच्या ट्रक. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या श्रोत्यांना ते दृश्य नवं वाटणार नाही.

माझी एक विद्यार्थिनी हेन्रिएटाची. वाक्वा गावाच्या पलीकडे, उसाच्या रानांना लागून असलेलं हे गाव. तिथे 1896 साली एका मराठी घरात पहिल्यांदा गणपती बसला असं मानतात, आणि मॉरिशसच्या मराठी माणसाला त्या गावाचा अभिमान आहे. ही मुलगी पहाटे साडेपाचला उठायची. बसने वाक्वा, तिथून मेट्रोने रोझ हिल, तिथे गाडी बदलून रेद्वी, पुढे पुन्हा बस. रेद्वीपर्यंतचा मेट्रोचा फाटा 2023 च्या जानेवारीत सुरू झाला. ही मेट्रो आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे. विद्यार्थ्यांना बसचा प्रवास 2005 पासून मोफत आहे, आणि सरकारी संस्थांमध्ये पहिल्या पदवीची फी 2019 पासून माफ झाली.

या सवलती आपोआप मिळालेल्या नाहीत, हेही सांगते. 20 मे 1975 ला तिथल्या माध्यमिक शाळांची मुलं हजारोंनी रस्त्यावर उतरून राजधानी पोर्ट लुईकडे चालत निघाली होती. शहराच्या वेशीवरच्या नदीच्या पुलापाशी पोलिसांनी त्यांना अडवलं, अश्रुधूर सोडला. त्यानंतर मतदानाचं वय अठरावर आलं आणि 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. ऊसमळ्यात राबलेल्या माणसाची नात आज पदवीच्या वर्गात बसते, त्यामागे त्या शाळकरी मुलांचे पाय आहेत. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

आता वर्गात या. ही मुलं घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तिथेच घडलेली बोली, बोलतात. आई-वडिलांशी क्रिओल, मित्रांशी क्रिओल, बसमध्ये क्रिओल. वर्तमानपत्र फ्रेंच. विद्यापीठाचा कारभार आणि बहुतेक विषय इंग्रजीत. आणि मराठी? ती प्राथमिक शाळेपासून ऐच्छिक विषय म्हणून शिकलेली असतात. बारावीच्या पातळीवर केंब्रिजची परीक्षा देतात, त्या परीक्षेतही मराठी हा एक विषय असतो. म्हणजे आपल्या मुलांना जी भाषा दुधाबरोबर मिळते, ती यांनी अक्षर अक्षर करून कमावलेली असते. वर्गात कुणी 'माझा पुस्तक' म्हणालं तर हसू येऊ देऊ नका. तुमच्या-माझ्या घरातल्या मुलाला पुस्तकाचं लिंग कुणी शिकवलेलं नसतं. या मुलीने ते पाठ केलेलं आहे. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, यावर तिच्या वहीत पानभर यादी होती, तीन रंगांच्या शाईत.

गणपतीच्या आधीच्या रात्री मात्र वहीतली मराठी अंगणात येते. गावोगावी झाकरीच्या नाचाची तालीम सुरू असते. आपल्या कोकणातली जाखडी, तीच ही. रत्नागिरीकडून गेलेल्या माणसांनी ती नेली आणि पुढच्या पिढ्यांनी टिकवली. पायात चाळ, मधे ढोलकी आणि झांजा, भोवती गोल. हेन्रिएटाच्या त्या तालमीला मी गेले होते. ढोलकीवर बसलेला मुलगा रेद्वीला इंजिनिअरिंग करत होता. नाचणाऱ्यांत एक बँकेतला कारकून, दोन शाळकरी पोरं. गाणं सांगायला माझी ही विद्यार्थिनी. तिच्या हातात आजोबांची जुनी वही, देवनागरीत लिहिलेली, आणि शेजारी तिने स्वतः केलेले झेरॉक्सचे कागद. त्या कागदांवर तेच गाणं रोमन लिपीत. निम्म्या मुलांना देवनागरी पटकन वाचता येत नाही, म्हणून तिने आठवडाभर रात्री बसून एकेक ओळ उतरवली होती. 'गणा धाव रे' म्हणताना धच्या पुढचा एच तिने लाल शाईने गोल केला होता, कारण मुलं 'दाव' म्हणत होती. दुसऱ्या दिवशी तिला मराठी कादंबरीवरचा निबंध द्यायचा होता. तो तिने तालीम संपल्यावर, रात्री अकरानंतर लिहायला घेतला. गावाकडच्या बसेस तिथे संध्याकाळीच बंद होतात, त्यामुळे बाहेरगावच्या मुलांना कुणाच्या तरी वडिलांनी गाडीतून घरोघर सोडलं. मलाही.

तिथे बहुतेकांचा गणपती दीड दिवसाचा, आपल्या कोकणातल्या कित्येक घरांसारखाच. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि ती विसर्जनाच्या दिवशी धरतात. 2025 मध्ये आपल्याकडे चतुर्थी 27 ऑगस्टला होती, त्यांची सुट्टी 28 ला. एका छोट्या समाजाच्या सणाला सगळा देश सुट्टी घेतो, ख्रिस्ती, मुसलमान, चिनी सगळे. दुपारी मूर्ती डोक्यावर घेऊन, झांजा वाजवत मंडळी समुद्राकडे किंवा नदीकडे निघतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुन्हा तास. आवाज बसलेला, पाय सुजलेले, पण वर्ग भरलेला असतो.

दिवसाचं जेवण बहुधा उभ्यानेच. कॉलेजजवळच्या गाडीवर दाल पुरी मिळते, चण्याची डाळ भरलेली मऊ पोळी, दोन-दोनची जोडी, आत घेवड्यासारख्या दाण्यांची भाजी आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून. ती खात खात मुलं बस पकडतात. संध्याकाळी कितीजण लहान मुलांच्या शिकवण्या घेतात. शिकवणीचं वेड तिथे आपल्या इतकंच आहे, आणि त्यातून मुलांचा वरखर्च निघतो.

ऑक्टोबर येतो तसा उन्हाळा चढू लागतो आणि अभ्यासाचं ओझंही. दिवाळी येते, तीही सुट्टीची, पण पुस्तकं उघडी असतात. आणि मग 2 नोव्हेंबर. त्या तारखेला, 1834 साली, भारतातून करारावर आणलेल्या मजुरांची एक तुकडी पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर आली. जिथे ती उतरत, त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या आजही आहेत. युनेस्कोने 2006 मध्ये त्या जागेला जागतिक वारसा म्हटलं. बहुसंख्य लोक बिहार आणि उत्तर प्रदेशचे, बरेच तमिळ आणि तेलुगू मुलखातले. आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले, मुख्यतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडचे.

या मजुरांच्या नोंदवह्या मोक्याच्या त्याच संस्थेत जपलेल्या आहेत, जिथे मुलं मराठी शिकतात. म्हणजे पणजोबांचं नाव आणि परीक्षेचं वेळापत्रक एकाच आवारात. नोव्हेंबरच्या तोंडावर कुटुंबाचा इतिहास शोधण्याचं काम काही मुलं हाती घेतात. मी एकाबरोबर गेले होते. तिथून मिळालेल्या कागदावर माणसाचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, आणि मग जिल्हा. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं रत्नागिरी. गावाचं नाव मात्र असं काही लिहिलं होतं की ते खेडशी, खेर्डी, खेड, काहीही असू शकत होतं. तो मुलगा माझ्याकडे बघत होता. मॅडम कोकणातल्या आहेत, त्या सांगतील, या आशेने. मी माझ्या परीने चार शक्यता लिहून दिल्या. त्याने त्या चारही आपल्या निबंधात घातल्या, आणि प्रत्येक गावापुढे नकाशातली जागा दाखवली. परीक्षेच्या ऐन गर्दीत केलेलं ते काम मी पाहिलेल्या उत्तम विद्यार्थीलेखनापैकी एक आहे.

मग परीक्षा. तोवर गुलमोहर फुलायला लागलेला असतो, लिचीची झाडं लाल होतात, हवेत घाम फुटेल असा दमटपणा येतो, आणि चक्रीवादळांचा मोसम उघडतो. तिथे वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाचा इशारा आला की शाळा-कॉलेजं बंद. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या, ते दृश्य तुमच्यापैकी काहींनी बातम्यांत पाहिलं असेल. पहिल्या सत्राच्या परीक्षेत सहसा एवढं होत नाही, पण रेडिओवर हवामानाची बातमी आली की सगळे कान टवकारतात.

श्रोतेहो, या मुलांना आपण काय देतो? महाराष्ट्रातून पाहुणे जातात, सत्कार होतात, शाली दिल्या जातात. त्याला माझा विरोध नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की आपली पाठ्यपुस्तकं घरात मराठी बोलणाऱ्या मुलासाठी लिहिलेली आहेत आणि तीच आपण त्यांच्या हातात देतो. क्रिओल बोलणाऱ्या मुलासाठी मराठीचं नीट व्याकरण, क्रिओल आणि मराठीचा चांगला शब्दकोश, सोप्या भाषेतल्या कथा, यांसाठी आपल्या विद्यापीठांनी माणूस आणि पैसा द्यायला हवा. पदवी घेतल्यावर यांतली कितीतरी मुलं तिथल्या प्राथमिक शाळांत मराठीची शिक्षक होतात. त्यांच्या हातातलं पुस्तक चांगलं असेल तर पुढची पिढी वाचेल.

दुसरं मागणं त्या मुलांनीच माझ्याकडे केलं होतं. त्यांना बोलली जाणारी मराठी ऐकायची आहे. चित्रपटातली किंवा बातम्यांतली नाही, गावातली. मॉरिशसच्या नभोवाणीवर मराठी कार्यक्रम होतात, ते ती ऐकतात. पण लांजा, राजापूर, गुहागर, देवगड इथली माणसं आज कशी बोलतात, जाखडीत आज काय गातात, हे त्यांना हवं आहे. आणि हे काम कुठल्याही योजनेची वाट न बघता तुम्ही करू शकता. तुमच्या वाडीत जाखडीचा मेळ असेल, एखाद्या आजीला ओव्या येत असतील, तर मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा आणि मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेच्या मराठी विभागाकडे पाठवा. ऑगस्टच्या आत पाठवलंत तर तालमीला उपयोगी पडेल. मुद्रण सुरू करताना आधी गावाचं, तालुक्याचं आणि गाणाऱ्याचं नाव स्वच्छ उच्चारा, आणि गाणं झाल्यावर त्याचे शब्द एकदा सावकाश, न गाता, नुसते वाचून दाखवा. लिहून घेणारी मुलगी दिवसभर प्रवास करून, शिकवण्या घेऊन रात्री बसणार आहे.

नमस्कार.