परक्या नावाचा किडा

[दृश्य: सारसोळे जेट्टी, नेरूळ. सकाळ. पाणी उतरतंय.]

सुकती लागलीय. मघाशी होडी तरंगत होती तिथे आता राखाडी चिखल उघडा पडलाय आणि त्यावर निवट्या उड्या मारतायत. मागे पाम बीच रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, पुढे तिवरांची झाडं.

"ताई, दोन तासांत पाणी फिरेल. त्याच्या आत आटपा," नाखवा सांगतात. "हो नाखवा," म्हणत खाडीतल्या किड्यांचा अभ्यास करणारी ती होडीतून उतरते आणि गुडघ्यापर्यंत रुतते. तिच्या हातात खोरं, बादली आणि अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीची चाळणी आहे.

ठाण्याची खाडी म्हटली की आपल्याला रोहित पक्षी आठवतात. २०१५ साली खाडीचा एक भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्या पक्ष्यांचं कौतुक व्हायलाच हवं. आज मात्र आम्ही कॅमेरा त्यांच्या पायांखाली नेणार आहोत.

[दृश्य: चिखलाचा उलटलेला ढेकूळ, अगदी जवळून.]

वरचा बोटभर थर तपकिरी, त्याखाली काळा कुळकुळीत गाळ. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण तिथवर ऑक्सिजन पोचत नाही. पण नीट बघा. या काळ्या गाळातून पेन्सिलीएवढी एक नळी खाली गेलीय आणि तिच्या कडेनं गंजासारखी तांबूस रेघ आहे. कुणीतरी आत राहून अंग हलवत वरचं पाणी खाली ओढतं. त्या पाण्यातला ऑक्सिजन लागून गाळातलं लोह खरोखरच गंजतं. खाडीच्या तळाला श्वास मिळतो तो अशा हजारो नळ्यांतून.

आणि हा घरमालक. बोटाएवढा लांब, तांबूस हिरवट, प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे परापाद, आणि त्या प्रत्येकातून बाहेर आलेले राठ केसांचे झुबके, म्हणजे दृढरोम. शाळेच्या पुस्तकात गांडूळ आणि जळूच्या शेजारी 'नेरीस' हे नाव आपण पाठ केलेलं असतं. हा त्याच कुळातला. शास्त्रात या केसाळ समुद्री किड्यांना पॉलिकीट म्हणतात, आणि जगभरात त्यांच्या दहा हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झालीय. तुतवार आणि पाणटिवळे चिखलात चोच खुपसतात ती बरेचदा यांच्यासाठीच.

[दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखालची काचेची बशी.]

किडा आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात जातो. तिथे तो सैल पडतो, नाहीतर आक्रसून घेतो किंवा तुटतो. मग काही नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवायचे, म्हणजे अंगाचा आकार टिकतो. काही थेट अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मालिन डीएनएची नासाडी करतं.

आता डोक्यामागे हलकेच दाबलं की घसा मोज्यासारखा उलटून बाहेर येतो. पुढे दोन वाकडे जबडे. नेरीसच्या जबड्यांना कठीणपणा येतो त्यात जस्ताचाही हात असतो. आणि घशावर पसरलेले हे काळे ठिपके बघा. हे बारीक दात आहेत. घशाचे आठ भाग मानलेत, आणि कुठल्या भागात किती दात, कसे मांडलेले, यावरून या कुळातली ओळख पटते. सहाव्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आडवी पट्टी दिसली, म्हणजे हा पेरिनेरीस.

इथवर सोपं होतं. पुढचं नाव काय?

भारतीय किनाऱ्यावरच्या कितीतरी याद्यांमध्ये अशा किड्यापुढे 'पेरिनेरीस कल्ट्रिफेरा' असं लिहिलेलं सापडतं. हे नाव मूळ इटलीतल्या नेपल्सच्या किड्याचं. ग्रूब या जर्मन शास्त्रज्ञानं १८४० साली त्याचं वर्णन केलं. पुढे फोव्हेल या फ्रेंच अभ्यासकाचा भारतातल्या पॉलिकीटांवरचा मोठा ग्रंथ १९५३ मध्ये आला. तो ग्रंथ नसता तर आपल्याकडचा हा अभ्यास उभाच राहिला नसता, इतकं त्याचं मोल आहे. पण त्या काळी एकच प्रजाती युरोपपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेली असू शकते, असं सहज मानलं जाई. त्यामुळे इथल्या किड्याला तिथलं नाव चिकटलं, आणि एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत राहिलं.

यानं काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. कॅपिटेला कॅपिटाटा हा किडा प्रदूषणाची खूण म्हणून जगभर वापरला जात होता. १९७६ मध्ये ग्रासल दांपत्यानं अमेरिकेत दाखवून दिलं की त्या एका नावाखाली निदान सहा वेगवेगळ्या प्रजाती आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पण प्रत्येकीची पुनरुत्पादनाची रीत वेगळी. आपण ठाण्याच्या गाळाची तब्येत या किड्यांवरूनच जोखतो. मग तो किडा नक्की कोण, हे ठाऊक नको?

[दृश्य: वहीतली रेखाटनं. पेन्सिलीची टोकदार रेघ.]

ती मोजतेय. नेपल्सच्या किड्याच्या घशात पाचव्या भागात सहसा तीन दात त्रिकोणात असतात. तिच्या नमुन्यांत तिथे एकच आहे. मग ठरावीक वलयांवरचे परापाद कापून काचपट्टीवर घ्यायचे आणि दृढरोम एकेक करून तपासायचे: हा टोकाला सुईसारखा, हा कोयत्यासारखा. सगळ्यांची चित्रं हातानं काढायची. फोटो असतात, तरी चित्र लागतंच, कारण रेघ ओढताना नजर थांबते आणि सुटलेलं सापडतं. त्यानंतर डीएनएचा तुकडा वाचून तो नेपल्सच्या ताज्या किड्याशी ताडून बघायचा.

एवढं करूनही फरक टिकला, तर जुनी कागदपत्रं. याच किड्याला शंभर वर्षांपूर्वी कुणी नाव देऊन ठेवलं असेल, तर नियमानं जुनं नाव राहतं. प्राण्यांच्या नावांचा हा हिशेब १७५८ पासून सुरू होतो आणि तो सगळा चाळावा लागतो. २०१२ मध्ये दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरून 'नामालिकॅस्टिस जया' हा याच कुळातला किडा नव्यानं नोंदला गेला, तोही असाच तपासून. नाव रोमन लिपीत लिहावं लागतं, पण शब्द कुठल्याही भाषेतला चालतो. गावाचं नाव चालेल, आपल्या कोळी बोलीतला एखादा शब्दही चालेल. आणि त्या नावाचा आधार म्हणून एकच नमुना कायमचा संग्रहालयात ठेवायचा. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधीही शंका आली की जगातल्या कुठल्याही अभ्यासकानं त्या एका बाटलीपाशी यायचं.

[दृश्य: टेबलावर ओळीनं पाच बाटल्या.]

तिच्याकडे पाच किडे आहेत. तीन शेपटीकडे तुटलेले. चौथा अजून कोवळा. पाचवा धडधाकट, पण एकाच किड्याच्या घशात दात कमी दिसले म्हणून प्रजाती वेगळी ठरत नाही. तेवढा फरक एकाच प्रजातीतल्या दोन किड्यांतही असू शकतो. निदान वीसेक पूर्ण नमुने हाती हवेत, असं ती म्हणते.

प्रत्येक बाटलीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आहे, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तारीख, सारसोळे, अक्षांश-रेखांश, तिवरांच्या मुळांजवळचा गाळ, गोळा करणाऱ्याचं नाव. सगळ्यात वर लिहिलंय 'पेरिनेरीस', आणि त्यापुढची जागा कोरी आहे.

तिनं फोन उचललाय.

"नाखवा, येत्या अवसेला सुकती किती वाजता?"

"पहाटे. अंधारातच निघायला लागेल ताई."

"येते. या वेळी बादल्या दोन घेते."