अठराचा आकडा

(नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची वॉर्ड पोस्टिंग सुरू होण्याआधी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित.)

मुलींनो, आणि मागच्या रांगेतल्या चार मुलांनो, फळ्यावर विषय लिहिलाय, 'वॉर्डाच्या तुमच्याकडून अपेक्षा'. त्याकडे येतेच. आधी मला श्वासाबद्दल बोलू द्या.

कुठल्याही वॉर्डातले टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचे तक्ते, काढून बघा. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी आणि श्वास? खाट चार, 18. खाट पाच, 18. एखादी धाडसी मुलगी 20 लिहिते. अख्खा वॉर्ड भजनाला बसल्यासारखा एका तालात श्वास घेतोय! हसा, हसा, सहा महिन्यांनी तुम्हीही हेच लिहिणार आहात. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20, म्हणून 18 कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

मीही लिहायची. दुसऱ्या वर्षाला मेडिसिन वॉर्डात सकाळपाळी होती. खोकल्यासाठी दाखल झालेले एक आजोबा. वरच्या तिन्ही नोंदी 18, मी खाली चौथा 18 ठेवून दिला. इनचार्ज सिस्टरनी चार्ट पाहिला, आजोबांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "घड्याळ बघ. मोज आता." आजोबा दोन उशांना टेकून बसलेले. नाकपुड्या फुलत होत्या, मानेचे स्नायू ओढले जात होते, दोन शब्द बोलले की थांबत होते. चादर बदलताना हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं की हो! मोजले तर 34. सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लागला, आणि मग माझ्या 18 वर एक रेघ मारून शेजारी 34 लिहायला लावलं, सही आणि वेळेसकट. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, एकच रेघ.

तर कसं मोजायचं? नाडी झाली की मनगट सोडू नका. पेशंटचा हात तसाच त्याच्या छातीवर ठेवा, नजर छातीवर आणि पूर्ण 60 सेकंद. सांगायचं नाही बरं का. "आजी, श्वास मोजते हं" म्हटलं की आजी फोटोला बसल्यासारखा श्वास घेतात.

तुम्ही म्हणाल, मिनिटभर उभं राहू देतं कोण? रिपोर्ट आण, ब्लड बँकेत जा, वॉर्डबॉय मामा नाहीत तर ट्रॉली ढकल. खरंय. विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात, असं समजणारे वॉर्ड मी पाहिलेत, आणि त्यावर मी तासभर... चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे.

बरं, पटापट लिहून घ्या. पाळी बदलतानाच्या हॅन्डओव्हरच्या दहा मिनिटं आधी वॉर्डात. थिअरीला 80 टक्के हजेरी चालते, पण वॉर्डातली पदवीआधी 100 टक्के भरावीच लागते. गणपतीत बुडवलेले दिवस परत काढावे लागतात. औषध एकटीने द्यायचं नाही. जे स्वतः केलं नाही त्यावर सही नाही. लॉगबुक शेवटच्या रात्री एकाच पेनाने भरलेलं आम्हाला लांबून कळतं. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि तिथल्या तिथे सांगा. घाबरून दोन दिवस गप्प राहणाऱ्या मुली असतात, आणि एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. पेशंटला नावाने हाक मारा, 'खाट नंबर सात' नाही. येत नसेल तर "सिस्टर, मला येत नाही" म्हणा, कॅथेटर हातात घ्यायच्या आधी. केअर प्लॅन राहिला, तो तुमच्या ट्यूटर सांगतील.

आणि सोमवारी सेकंदकाट्याचं घड्याळ हवं, युनिफॉर्मच्या खिशाला अडकवलेलं. मोबाइलवर मोजते, असं कुणी म्हणू नका. मोबाइल लॉकरमध्ये असणार आहे.