उन्हात फुगणारे पेट्रोल आणि जुन्या मोटारीची टाकी

ही १९२८ सालची फोर्ड मॉडेल ए. बॉनेट जिथे संपते आणि समोरची काच जिथे सुरू होते, त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यावर पेट्रोलचे झाकण बसवलेले आहे. झाकणाभोवतीचा रंगवलेला पत्रा पाहणाऱ्याला गाडीच्या बांध्याचाच भाग वाटतो आणि तो तसा आहेही. मात्र तोच पत्रा पेट्रोलच्या टाकीचे छतसुद्धा आहे. टाकी इतक्या उंचावर ठेवण्याचे कारण साधे आहे. या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनाने नळीतून खाली, इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरपर्यंत उतरते, त्यामुळे बिघडण्यासारखे यंत्रच मध्ये राहत नाही. १९२७च्या अखेरीस बाजारात आलेल्या आणि १९३१ पर्यंत सुमारे ४८ लाखांच्या संख्येने तयार झालेल्या या मोटारीचा साधेपणा आजही मनाला भावतो.

उन्हाळ्यात मात्र हीच रचना मालकाकडून सावधपणाची अपेक्षा करते. भर दुपारी मोकळ्या जागेत गाडी उभी केली, तर टाकीवर सावली धरायला काहीच नसते. बाहेरचे ऊन पत्र्याला थेट तापवते आणि पत्रा आतल्या पेट्रोलला तापवतो. त्यात गाडी नुकतीच चालून आलेली असली, तर पुढच्या बाजूने इंजिनाची धगही टाकीपर्यंत पोहोचते.

तापल्यावर पेट्रोल फुगते. तापमान एका अंशाने वाढले की पेट्रोलचे आकारमान साधारण ०.०९५ टक्क्याने वाढते. हा आकडा ऐकताना किरकोळ वाटतो, म्हणून तो प्रत्यक्ष टाकीला लावून पाहू. सुरुवातीच्या मॉडेल एची टाकी १० अमेरिकी गॅलनची, म्हणजे सुमारे ३८ लिटरची आहे. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल २८ अंशांवर आले आणि उन्हात उभ्या गाडीत ते ४८ अंशांपर्यंत तापले असे धरले, तर या २० अंशांत त्याचे आकारमान जवळपास पाऊण लिटरने वाढते. टाकीचे पोलादही तापून प्रसरण पावते, पण तेवढ्याच तापमानवाढीत टाकीची क्षमता जेमतेम २७ मिलिलिटरने वाढते. उरलेल्या सुमारे ७०० मिलिलिटर पेट्रोलला टाकीतच जागा सापडली नाही, तर ते बाहेर येणार, हे उघड आहे.

टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली, तर ही जागा बिलकूल नसते. भरण्याच्या तोंडाचा गळा पाच सेंटीमीटर व्यासाचा धरला, तर ७०० मिलिलिटर पेट्रोल सामावून घ्यायला त्याची उंची ३५ सेंटीमीटर असावी लागेल. एवढा उंच गळा कोणत्याच मोटारीला नसतो. त्यामुळे थोडेसे तापमान वाढताच अरुंद गळ्यातली पातळी भराभर चढते आणि झाकणाला असलेल्या बारीक छिद्रातून पेट्रोल पाझरू लागते.

ते छिद्र हा दोष नव्हे, हे येथे आवर्जून सांगायला हवे. इंजिन पेट्रोल ओढत असताना टाकीत तेवढीच हवा यावी लागते, आणि त्या काळात ती या छिद्रातूनच येत असे. पेट्रोल बाहेर येते म्हणून काही जण छिद्र बुजवतात किंवा नव्या पद्धतीचे हवाबंद झाकण बसवतात. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. गाडी चालू असताना टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोलचा प्रवाह मंदावतो आणि काही अंतरावर इंजिन बंद पडते. गाडी उन्हात उभी असताना याच्या उलट घडते. आतला दाब वाढतो आणि तो पेट्रोलला खालच्या नळीतून कार्ब्युरेटरकडे रेटतो. तिथे पेट्रोल अडवायला फ्लोटवर, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागावर, टेकलेली एक छोटी सुई असते. दाबापुढे ती हार मानते, कार्ब्युरेटर भरून वाहू लागतो आणि जे पेट्रोल झाकणावाटे निघाले असते ते थेट इंजिनाच्या खोलीत सांडते.

आजच्या मोटारींत फुगवट्यासाठीची जागा गाडी स्वतःच राखते. टाकीतली झडप ठरावीक पातळीला हवेचा मार्ग बंद करते, त्यामुळे पंपाचे नोझल आपोआप थांबते आणि वर थोडी पोकळी शिल्लक राहते. बाष्प कोळशाच्या डब्यात शोषले जाते. ही व्यवस्था नव्या गाड्यांना १९७० साली कॅलिफोर्नियात आणि पुढच्या वर्षी संपूर्ण अमेरिकेत सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक मोटारींत ती पोकळी ठेवण्याची जबाबदारी पेट्रोल भरणाऱ्या माणसाची होती आणि त्या मोटारींच्या बाबतीत ती आजही त्याचीच आहे.

आपल्याकडच्या पेट्रोल पंपांवर नेमका इथेच घोटाळा होतो. ऑटो-कट झाल्यावरही रक्कम पूर्ण आकड्यात यावी म्हणून नोझल पुन्हा दाबण्याची सवय सर्वत्र आहे. नव्या गाडीसाठीही ही सवय बरी नाही. मॉडेल एमध्ये तर तिचा अर्थ टाकी काठोकाठ भरणे असाच होतो. पेट्रोल भरताना मालकाने स्वतः शेजारी उभे राहावे आणि किती लिटर घालायचे ते आधीच सांगावे. या गाडीत डॅशबोर्डवरचा काटा टाकीवरच बसवलेला असतो आणि फ्लोट थेट त्याला जोडलेला असतो, म्हणून तो पाहून अंदाज घेणे सोपे जाते. मात्र त्या काट्याभोवतीचे कॉर्कचे वायसर जुने झाले असेल, तर टाकी पूर्ण भरताच पेट्रोल तिथून पाझरून गाडीच्या आत, प्रवाशांच्या पायांवर ठिबकू शकते. २०२३ पासून देशात टप्प्याटप्प्याने आलेल्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमधल्या इथेनॉलचा जुन्या रबरावर आणि कॉर्कवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ही वायसरे आणि नळ्या वेळेवर बदलणे आता अधिक निकडीचे झाले आहे.

सांडलेल्या पेट्रोलकडे केवळ रंगावर पडणारा डाग म्हणून पाहणे धोक्याचे आहे. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलचे बाष्प पेट घेऊ शकते, आणि ते हवेपेक्षा जड असल्यामुळे गाडीखाली व खोलगट जागेत साचून राहते. बंद गॅरेजमध्ये ही गोष्ट जिवावर बेतू शकते. ओघळ दिसला, तर इंजिन सुरू करू नये आणि विजेचे कोणतेही बटण दाबू नये. डॅशबोर्डखालची पेट्रोलची चावी बंद करून गाडी ढकलत सावलीत, मोकळ्या हवेत न्यावी. टाकीतले थोडे पेट्रोल मान्य डब्यात काढून घ्यावे आणि वास पूर्ण गेल्यावरच पुढचे पाहावे. ती चावी तर एरवीही, गाडी उभी केली की लगेच, बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, विंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे अशा मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. त्यामुळे अनेक मालक रॅलीच्या आदल्या संध्याकाळी टाकी पूर्ण भरून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी गाडी मैदानात तासन् तास उन्हात उभी राहते. त्याऐवजी निघण्याच्या सकाळी पेट्रोल भरावे, तेही टाकीत निदान तीन-चार लिटरची जागा सोडून. मॉडेल ए एका लिटरमध्ये साधारण ८ ते १२ किलोमीटर धावते. म्हणजे पंपापासून मैदान दहा किलोमीटरवर असेल, तर पोहोचेपर्यंत आणखी एक लिटरची जागा आपोआप मोकळी होते. मैदानात गाडी उताराऐवजी सपाट जागी लावावी, आणि टाकीच्या पट्ट्यावर हलक्या रंगाचे सुती कापड अंथरावे, मात्र झाकणाचे छिद्र उघडे ठेवून.