प्रश्न विचारलात ना? मग आता तोंड मिटा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच: "ताई, बोलताना हातांचं काय करायचं?" काही करायचं नाही हो. खिशात कोंबू नका, मोबाइल खाली ठेवा, झालं. डोळ्यांत बघा, पण टक लावू नका. खांदे समोरच्याकडे वळलेले असू द्या. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पुढे चला.

आणि ते ५५-३८-७ चं चित्र मला पाठवणाऱ्यांनो, बास आता! "संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि देहबोली ५५." हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आले. त्यात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवले होते, सोबत चेहऱ्यांचे फोटो होते. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, तेव्हा आवड-नावड माणसं कशावरून ओळखतात, एवढाच मुद्दा होता. सगळ्या बोलण्याला हे लावू नका, असं खुद्द मेहरेबियननीच सांगितलंय. तरी पटत नसेल तर शुक्रवारी आमच्या गोव्यात म्हापशाच्या बाजारात जा आणि बांगडे आजचे की कालचे, हे नुसत्या भुवया उडवून विचारून दाखवा. मासळीवाली बाय काय म्हणते ते खाली लिहा.

तर मुद्दा. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. "काय, बरं ना? नोकरी ठीक ना? आई बरी असेल!" यावर समोरचा काय बोलणार? "हो, बरं." संपलं. वर आपणच म्हणतो, हल्ली कोणी मनमोकळं बोलत नाही.

प्रश्न विचारून गप्प बसायचं, एवढंच. ऐकायला सोपं, करून बघा! २००९ साली दहा भाषांतल्या गप्पांचा अभ्यास झाला. मराठी त्यात नव्हती, जपानी होती, डॅनिश होती. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी किती वेळ लागला? सेकंदाचा साधारण पाचवा भाग. एवढ्या वेगाची सवय असल्यावर दोन सेकंदांची शांतता म्हणजे वीज गेल्यासारखं वाटतं. मग आपण घाबरून काहीतरी बोलून टाकतो.

अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत हेच पाहिलं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबायचे. तीन सेकंद थांबायला लागले तर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलंही कमी झाली. माझ्या शाळेत एक सर होते, सातचा पाढा विचारायचे आणि "सात दुणे" म्हणेपर्यंत पुढच्या बाकावर पोचलेले. असो.

आता देहबोली इथे येते बघा. प्रश्न विचारल्यावर ओठ मिटा. खरोखर मिटा! तोंड अर्धं उघडं ठेवून श्वास आत घेतलात की समोरच्याला कळतं, हिला पुढचं बोलायचंय, आणि तो आवरतं घेतो. तसंच ते भराभर मान हलवणं. "हो-हो-हो-हो" म्हणजे ऐकतोय असं तुम्हाला वाटतं, त्याला ऐकू येतं "आटप लवकर." एकदाच, सावकाश हलवा मान. आणि तिसरं, वाट बघताना घड्याळाकडे नजर गेली तर तीन काय, तीस सेकंद थांबलात तरी वाया. तिन्ही मिळून सांगतेय एकच: गप्प राहायचं ते अंगानेही.

एकाने लिहिलंय, "मॅडम, तुम्ही स्वतः कुठे थांबता?" बाबा रे, कॅमेरा उत्तर देत नाही! दुसऱ्याचं, "गोंयची आसून मराठींत कित्याक?" म्हणजे गोव्याची असून मराठीत का? कोंकणीतही करीन रे, आधी हे ऐकून घे. बघ, तुलाही घाईच!

मलाही हे शहाणपणाने जमलेलं नाही, घसा बसला म्हणून जमलं. चोडणहून रायबंदरला येताना फेरीबोटीत आमचे शेजारचे काका भेटायचे. त्यांचा मुलगा परदेशी जाणाऱ्या जहाजावर कामाला. मी दर वेळी, "काका, मुलगा मजेत ना? नवे नवे देश बघत असेल!" ते म्हणायचे, "हो गो, मजेत." तीन महिने हेच.

मग एकदा माझा आवाजच गेला. कसाबसा एक शब्द फुटला, "मुलगा?" पुढचं काही बोलणं शक्यच नव्हतं. दोघंही कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभे. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. नजरेला नजर भिडवा असं सगळे सांगतात ना, पण अवघड बोलायला कधी कधी असं उभं राहणंच बरं पडतं. फेरी अर्ध्यावर आली तरी काका गप्प. मला वाटलं, ऐकूच गेलं नसेल.

रायबंदरचा धक्का दिसायला लागला तेव्हा पाण्याकडे बघतच म्हणाले, "दोन महिने झाले, त्याचा फोन नाही गो. घरात अजून कोणाला सांगितलं नाही."

त्या दिवशी आम्ही धक्क्यावर उतरून पुढची बस सोडली, आणि तिच्या मागचीही.