बसऱ्याचे मोती, बसऱ्याची लढाई

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडच्या जुन्या नथीतल्या मोत्यांना बसरा मोती म्हणतात. किंचित पिवळट झाक असलेले, अगदी गोल नसलेले. इराणच्या आखातात पाणबुडे ते काढत आणि आजच्या इराकमधल्या बसऱ्याच्या बाजारातून ते मुंबईला येत, म्हणून त्यांना त्या गावाचं नाव. म्हणजे बसरा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होताच. १९१४ नंतर मात्र सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत हे नाव दुसऱ्याच वाटेनं आलं, आणि ते घेऊन आला तो सरकारी कागद.

आज मला त्या वाटेबद्दल बोलायचं आहे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आजचा इराक तुर्की साम्राज्यात होता, आणि तुर्क इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरले. जवळच, इराणच्या हद्दीतल्या आबादान इथे इंग्रजांचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर येत होतं आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं त्या तेल कंपनीत निम्म्याहून जास्त भाग घेतला होता. तेव्हा हेतू एवढाच सांगितला गेला की कारखाना आणि तेलाची नळवाहिनी सांभाळायची. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओच्या किनाऱ्यावर फौज उतरली. ती पुणे डिव्हिजनची होती, हिंदुस्थानी सैन्याची सहावी डिव्हिजन. उतरणाऱ्या पलटणींत ११७वी मराठा होती. मागोमाग १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्रीही गेल्या.

ज्या पुण्यातली पेशवाई १८१८ साली बुडाली, त्याच पुण्याचं नाव लावून शंभर वर्षांच्या आत एक फौज त्याच इंग्रजी साम्राज्यासाठी दुसऱ्यांचा मुलूख जिंकायला निघाली. जिंकलेल्या मुलखातली माणसं हाताशी धरायची आणि त्यांच्याकडून पुढचा मुलूख घ्यायचा, हे मला साम्राज्यांचं सर्वांत जुनं आणि सर्वांत दुःखाचं तंत्र वाटतं. त्या शिपायाला मी दोष देत नाही. दुष्काळी माणदेशात किंवा कोकणातल्या खडकाळ वरकस जमिनीवर राहणाऱ्या घराला दरमहा येणारा पगार काय होता, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता पुढं काय झालं बघा. शेतकरी श्रोत्यांना बांध कोरणं माहीत आहे. दरवर्षी नांगराचं एकच तास पलीकडे सरकतं, आणि दरवर्षी कारण तयार असतं. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा घेतलं. बसरा सुरक्षित राहावं म्हणून डिसेंबरात कुर्ना घेतलं. कुर्ना राखायला पुढच्या जूनमध्ये अमारा, मग बाजू उघडी पडू नये म्हणून नासिरिया, सप्टेंबरात कूत. तोवर बगदाद फार लांब राहिलं नव्हतं. सिमल्याला आणि लंडनला बसलेल्यांना वाटलं, आता थांबायचं कशाला? मागं पुरेशा होड्या नव्हत्या, दवाखाने नव्हते. स्प्रिंग नसलेल्या खडखडत्या गाड्यांतून हाडं मोडलेले जखमी नेले जात होते. तरी पुणे डिव्हिजनच्या जनरल टाउनशेंडला पुढं जायचा हुकूम मिळाला.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे, सलमान पाकजवळ, पुणे डिव्हिजन तुर्कांवर चालून गेली आणि चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेली फौज मागं फिरून कूतला आली आणि तिथंच वेढ्यात सापडली. टायग्रिस नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाणी असलेलं ते गाव. १४७ दिवस वेढा चालला.

या वेढ्यातली एकच गोष्ट सांगतो. कणकेचा शिधा दिवसेंदिवस घटत गेला. मग तोफखान्याचे घोडे मारून त्यांचं मांस वाटायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. हिंदुस्थानी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, वाचून दाखवल्या, तरी पुष्कळ जण तयार होईनात. गावी परतल्यावर जातभाई पंगतीला घेतील का, पोरीचं लग्न जमेल का, ही चिंता त्यांना होती. नदीकाठचा रानपाला उकडून खायचा, हिरड्या सुजलेल्या, अंगात त्राण नाही, आणि अशा माणसानं रात्री खंदकात पहारा द्यायचा. मरण समोर दिसत असतानाही तो गावच्या पंगतीचा विचार करत होता. हे वाचलं की माझ्या घशाशी दाटून येतं.

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. जवळजवळ १३ हजार माणसं कैद झाली. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेचीही वाटेत २० हजारांवर माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्यातले हजारो परतलेच नाहीत.

मार्च १९१७ मध्ये दुसऱ्या जनरलनं, मॉडनं, बगदाद घेतलं. शहरात जाहीरनामा लागला, की आमची फौज तुमच्या शहरांत आणि मुलखात जेते किंवा शत्रू म्हणून नव्हे, तर मुक्तिदाते म्हणून आली आहे. तीनच वर्षांनी, १९२० साली, तिथल्या लोकांनी उठाव केला, आणि तो मोडायला पुन्हा हिंदुस्थानातूनच पलटणी गेल्या. मग तुर्कांचे बसरा, बगदाद आणि मोसूल असे तीन प्रांत मिळून एक देश केला आणि १९२१ साली अरबस्तानातल्या हेजाजमधून आणलेल्या राजपुत्र फैसलला गादीवर बसवलं. मोसूल तर युद्धबंदी झाल्यानंतर ताब्यात घेतलं होतं. त्या भागातल्या कुर्द लोकांना १९२० च्या तहात वेगळ्या राज्याची आशा दाखवली, १९२३ च्या तहातून ती गेली. आज ते चार देशांत विभागलेले आहेत. १९२७ ला किर्कुकजवळ तेलाचं कारंजं उसळलं, आणि २००३ साली ब्रिटिश रणगाडे पुन्हा बसऱ्यात शिरले.

आणि आपल्याकडे काय उरलं? त्या मुलखात हिंदुस्थानातून लढवय्ये आणि चाकर मिळून सहा लाखांच्या आसपास माणसं गेली. नोव्हेंबर १९१८ नंतर सरकारनं गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. साताऱ्याकडच्या एका चावडीच्या भिंतीत मी अशी पाटी पाहिली आहे. चुन्याचे हात मारून अक्षरं बुजलेली. बोटानं चाचपत वाचावं लागलं: या गावातून महायुद्धाला इतके इसम गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नाही. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे, पण तिथंही हिंदुस्थानी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांचीच नावं दगडावर कोरली. साध्या हिंदुस्थानी शिपायांची प्रत्येक पलटणीखाली नुसती संख्या घातली. २०२१ साली युद्धकबरींच्या आयोगानं हा भेदभाव कबूल करून माफी मागितली.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव सांगतं, की आमचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. तुमच्या गावाचा आकडा किती? चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत पाटी असेल तर एकदा पाणी घालून पुसा. ट्रंकेत पेन्शनचा जुना कागद असेल, पितळी बिल्ला असेल, खापरपणजी कुणाची तरी वाट बघत होती अशी गोष्ट घरात सांगत असतील. त्यातून एखादं नाव निघालं तर ते वहीत लिहा आणि ग्रामपंचायतीत नेऊन द्या.

नमस्कार.