सुखाचे दिवस, निम्म्या वजनात

(पडद्यावर: भिंगाखाली तांब्याचं हिरवट नाणं)

शिपायाच्या एका हातात ढाल, दुसऱ्या हातात भाला. समोर घोडा कोसळलाय आणि त्यावरचा स्वार हात वर करून शिपायाकडे वळलाय. एवढा सगळा प्रसंग आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढ्या चकतीवर! ही रोमन छाप इसवी सन 348च्या सुमारास निघाली आणि पुढे दहाएक वर्षं अक्षरशः ढिगांनी पाडली गेली. म्हणून ती आजही स्वस्तात मिळते. नवखे संग्राहक बऱ्याचदा इथूनच सुरुवात करतात.

कडेनं लेख आहे: फेल टेंप रेपारातिओ. सुखाचे दिवस परत आले, असा त्याचा भावार्थ. रोमच्या स्थापनेला तेव्हा अकराशे वर्षं होत होती, तेव्हा असा डंका पिटला जाणारच. पण 350 मध्ये पश्चिमेचा सम्राट कॉन्स्टान्स बंडात मारला गेला. पुढच्याच वर्षी मुर्सा इथं (आजच्या क्रोएशियात) रोमन सैन्य रोमन सैन्याशीच लढलं. तिकडे पूर्वेला इराणचा राजा दुसरा शापूर याच्याशी वैर होतंच. लेख मात्र तोच राहिला, घटलं ते वजन. सुरुवातीचं मोठं नाणं पाच ग्रॅमच्या आसपास, ते काही वर्षांत निम्म्यावर आलं. मी तर आधी नाणं तराजूत टाकतो, लेख नंतर वाचतो.

(नाणं उलटतं. सम्राटाचा चेहरा.)

खरी डोकेदुखी या बाजूला आहे. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईनच्या तीन मुलांची नावं कॉन्स्टान्टिनस, कॉन्स्टान्टिअस आणि कॉन्स्टान्स. नावाचं शेपूट झिजलं, की तिघंही सारखेच! अशा वेळी मागची बाजू कामाला येते. तिथं हा पडलेला स्वार असेल, तर थोरला कॉन्स्टान्टिनस बाद, कारण तो 340 मध्येच मारला गेला होता. नाणं हलकं, लहान असेल, तर कॉन्स्टान्सही बाद, कारण वजन घटलं ते तो गेल्यावर. उरला कॉन्स्टान्टिअस. पण थांबा, त्याच्या चुलत भावाचं, गॅलसचंही नाण्यावरचं नाव कॉन्स्टान्टिअसच! तो मुख्य सम्राट नव्हता, सीझर म्हणजे सम्राटाच्या हाताखालचा दुय्यम शासक होता, म्हणून त्याचं डोकं उघडं. डोक्यावर सम्राटाची मोत्यांची पट्टी दिसली तर तो गॅलस नव्हे.

आता मागच्या बाजूला, अगदी तळाशी पाहा. ही टांकसाळीची खूण. ‘कॉन’ दिसलं म्हणून लगेच कॉन्स्टान्टिनोपल लिहून मोकळं होऊ नका. फ्रान्समधल्या आर्लचंही नाव तेव्हा कॉन्स्टान्टिना होतं. टांकसाळीतल्या विभागाचं अक्षर ‘कॉन’च्या आधी असेल तर आर्ल, ‘कॉन्स’च्या नंतर असेल तर कॉन्स्टान्टिनोपल.

आणि ब्रिटन आणि गॉलमध्ये (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये) पाडलेल्या नकला? त्यांतल्या कित्येकांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा, काही तर करंगळीच्या नखाहून लहान. त्यांवर सम्राट शोधत बसू नये. संग्रहात त्यांचा कप्पा वेगळा ठेवावा.