हातचा कुठून आला?

[पाटी. खडूने मांडलेली बेरीज: २७ + १५]

एका लहान मुलीने उत्तर लिहिलंय ३१२.

सात आणि पाच बारा, ते मांडले. दोन आणि एक तीन, ते बाराच्या डावीकडे. जाणता माणूस पटकन म्हणेल, "अगं, हातचा विसरलीस!" पण ती विसरलेली नाही. हातचा ही काय वस्तू आहे, हेच तिला अजून कळलेलं नाही. जाणत्याने तो इतक्या वेळा घेतलाय, की घेतोय हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

[शेजारी मोठा मुलगा. समोर काड्या.]

हा तिच्याहून वर्षभरच पुढे. गेल्या वर्षी त्यानेही असंच उत्तर लिहिलं होतं. तो चूक म्हणत नाही. विचारतो, "सत्तावीस काड्यांत पंधरा टाकल्या, तर तीनशे होतील?" मग सुट्या बारातल्या दहा मोजून जुडी बांधतो आणि दशकाच्या घरात सरकवतो. मागे दोनच उरतात. अडायला कुठे होतं, ते त्याला आठवतंय. ही आठवण मला फार मोलाची वाटते.

१७८९ साली मद्रासमधल्या एका अनाथ मुलांच्या शाळेची जबाबदारी अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. आपली धुळाक्षरंच ती! आपल्या शिक्षकांना त्याने तसं शिकवायला सांगितलं, पण ते काही जमेना. अखेर सगळ्यात लहान मुलांचा वर्ग त्याने आठेक वर्षांच्या जॉन फ्रिस्केनच्या हाती दिला, आणि गाडी रुळावर आली. १७९७ मध्ये बेलने या प्रयोगावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडमध्ये याच वाटेने एकेका शिक्षकाखाली शेकडो मुलं बसवली गेली. तिथे मात्र जिवंतपणा जाऊन कवायत उरली, असं मला वाटतं.

आणि हो, विजेचं काम किंवा औषधाची मात्रा असं नवशिक्याकडून शिकू नये. तिथली चूक पुसता येत नाही. पाटीवरची येते.

[पुन्हा काड्या]

"पण जुड्याच दहा झाल्या तर?" ती विचारते.

मुलगा गप्प. इतका पुढचा विचार त्यानेही केलेला नाही. "माहीत नाही," तो म्हणतो, "बांधून बघू."

दोघं उरलेल्या काड्या पुढे ओढतात.